नाणप्पनची बुडवलेली होडी

आमच्या कालव्यावर होडी कशी सांभाळावी हे विचारायला नाणप्पनकडे जावं लागत नाही. तो स्वतः सांगायला येतो. कुणाची होडी उन्हात पालथी दिसली की काठावरूनच ओरडतो, "अरे, पापड वाळवतोयस का? फळ्या आकसतील, काथ्याची शिवण सैल पडेल!" कुणी मासळीचं तेल लावायला काढलं की नखानं लाकूड खरवडून बघतो. "ओलं आहे. आधी सावलीत वाळव. ओल्यावर तेल म्हणजे जुलाबावर एरंडेल!"

आणि त्याचं सगळं खरं असतं, हीच पंचाईत.

त्याची स्वतःची होडी मात्र क्वचितच दिसते. ती कालव्याच्या तळाशी, पोटात दगड घेऊन झोपलेली असते. गोड्या पाण्यात बुडवलेलं लाकूड फुगलेलं राहतं, भेगाळत नाही. आम्हीही तसंच करतो. पण नाणप्पनला त्यात आणखी एक सोय दिसली होती. बुडालेली होडी कुणी उसनी मागत नाही. यंदा तर त्यानं खुणेची खुंटीसुद्धा ठोकली नाही.

त्याची लेक लतिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची सासू बारशाला म्हणाली, "व्याह्यांची होडी आहे म्हणतात. आम्ही काही पाहिली नाही बाई." नाणप्पनला ते झोंबलं. "रविवारी माझी नात माझ्याच होडीतून तुमच्या घरी येईल!" त्यानं सांगून टाकलं.

शनिवारी तो बांबू घेऊन पाण्यात उतरला. होडी जागेवर नव्हती. जास्त दगडांनी सांधे ढिले होतात म्हणून त्यानं बेतानंच दगड भरले होते; पुरानं ती अलगद सरकवली होती. वर जलपर्णीचा गालिचा. शोधायला त्याला माझी होडी मागावी लागली. मी दिली. परत येताना सोबत सल्ले येणार हे ठाऊक होतं.

काठावरून त्याची बायको तंगम्मा म्हणाली, "लोक चोरांपासून लपवतात. आमच्याकडे स्वतःपासून!"

शेवटी सरसम्माच्या धुण्याच्या घाटाशी बांबू टक्कन वाजला.

"चेट्टा, माझ्या पायाखाली काय ढोसताय?" सरसम्मा ओरडली. चेट्टा म्हणजे आमच्याकडे दादा.

"होडी शोधतोय."

"इथे कुठली होडी? ही माझी धुण्याची फळी. पुरात आली, देवानंच धाडली. तेव्हापासून हिच्यावरच उभी राहून धुतेय. काय घट्ट आहे हो!"

"घट्ट असणारच! मी बुडवलीय!" दुःखापेक्षा अभिमान आधी वर आला.

मग आम्ही दगड काढले. दोघे-तिघे ओढायला धावले तसा तो किंचाळला, "ओढू नका! भरलेली होडी ओढली की सांधे निखळतात. पाण्यातच डोलवा, पाणी आपोआप सांडेल." तसंच झालं. काळी कुळकुळीत होडी वर आली, एक थेंब गळेना.

रविवारी लेकी-नातीला न्यायला आलेल्या विहीणबाईंनी आत पाय ठेवून अंगठ्यानं तळ चाचपला. कोरडा. मग पदर सावरून ऐसपैस बसल्या. लतिका बाळाला घेऊन मधोमध बसली. नाणप्पननं ऐटीत बांबू उचलला.

तेवढ्यात सरसम्मा घाटावरून ओरडली, "चेट्टा, सावकाश जा! पण संध्याकाळी आठवणीनं परत आणून ठेवा हं. उद्या मला चादरी धुवायच्यात!"

विहीणबाईंनी मान वर केली. "अस्सं. म्हणजे होडी ह्या बाईंची आहे तर!"

नाणप्पननं बांबू असा काही रोवला, की होडी जागच्या जागी गर्रकन फिरली.