तिच्याबद्दल मी मालकाला काय सांगितलं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. माझ्याच एका विद्यार्थिनीची चालून आलेली नोकरी मी घालवली. ती माझी चूक दाखवू शकली, एवढाच तिचा गुन्हा.

सोलापुरात परदेशात टॉवेल पाठवणाऱ्या कारखान्यांतल्या लोकांसाठी मी स्पॅनिशचा क्लास घेतो. ती विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू. दिवसभर कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायची आणि सुटली की वर्गाला यायची. त्या दिवशी नामं चालली होती. शेवटी 'ओ' असला तर बहुधा पुल्लिंग, 'आ' असला तर स्त्रीलिंग. अनेकवचन करताना स्वरापुढे 'स', व्यंजनापुढे 'एस'. एवढं बजावून मीच फळ्यावर 'कोलोर'चं, म्हणजे रंगाचं, अनेकवचन 'कोलोर्स' लिहिलं.

"सर, कोलोरेस ना? शेवटी व्यंजन आला की."

माझे कान तापले. "व्यंजन आला? काल चादर आला होता, आज व्यंजन! जन्म सोलापुरात गेला, आधी मराठी तरी शिक."

"सर, तिच्याकडं समदे पुरुषच हायत!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग खदखदला. मीही हसलो.

ती म्हणाली, "मराठी मला कुणी शिकवलीच नाही, सर. नुसतं हसले सगळे."

मी फळा पुसला. चूक दुरुस्त केली नाही.

महिन्याभराने तिच्या मालकाचा फोन आला. ऑफिसात परदेशी गिऱ्हाइकांच्या पत्रव्यवहाराला माणूस हवा होता. "पोरगी लई हुशार हाय म्हणतात. घेऊ का? तुमी म्हणाल तसं."

"कच्ची आहे," मी म्हणालो. "एकवचन-अनेकवचनात गोंधळते. शंभराच्या जागी एक टॉवेल लिहून बसेल."

"मग नको बाबा."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात उभी. आत ये म्हटलं तर आली नाही. "सर, मालकांना काय सांगितलं तुमी?"

"चांगलंच सांगितलं. तुझी मराठी त्यांना खटकली असेल."

ती दारातूनच परत फिरली. तिला कळलं होतं, असं मला वाटतं. त्यानंतर वर्गाला आली नाही. अजून कडाच शिवते.

मी खोटं बोललो होतो हे मालकाला फोन करून सांगणं, आणि जे हसले त्यांच्यासमोर तिची माफी मागणं, एवढं माझ्याकडून बाकी आहे. दोन्ही मी अजून केलेलं नाही.