कूलरच्या पाण्यातली झिणझिणी

माझी धाकटी जाऊ शहराच्या कडेला, बेस्यात राहते. कूलर चालू असताना पाण्यात हात गेला की तिला कधी झिणझिणी यायची, कधी नाही. ती ओरडायची आणि दीर हसायचे.

"काल काहून नाही लागला वं करंट? नाटकं सुचून राहिली तुले!"

आता मी सातवी शिकलेली बाई, हे काम जुने रेडिओ उघडत-जोडत शिकले. पण करंट नाटक करत नाही, एवढं मला पक्कं ठाऊक.

तिच्या घरी जाऊन प्लग काढायला लावला आणि पाणी संपलं की पंप बंद करणारी कूलरमधली डबी उघडली. तिच्यात ऑप्टोकपलर असतो, काळा, सहा पायांचा. तीन पाय इकडे, तीन तिकडे, मधे तारेचा धागाही नाही. पाण्यातल्या दोन सळ्यांची बाजू अडॅप्टरच्या पाच व्होल्टवर, पंपाची बाजू घरच्या लाइनीवर. सळ्यांना पाणी लागलं की आत डोळ्याला न दिसणारा दिवा पेटतो, पलीकडे त्या उजेडानंच पंप सुरू होतो. निरोप जातो, करंट जात नाही. अबोला धरलेल्या शेजारणीच्या ओसरीवर दिवा दिसला की, आली वाटतं गावाहून, हे कळतंच ना? तसंच.

इथे तो नव्हताच! त्याच्या जागी तारेचे दोन तुकडे कथलाचा डाग देऊन लावलेले.

"भाऊजी, हे कोणी केलं?"

"मीच. जळला होता तो. तार जोडली, पंप फर्स्टक्लास चालून राहिला. एवढ्याशा किड्याचं काय काम, वहिनी?"

"तुमच्या बायकोले वाचवायचं काम!"

दोन पिनचा प्लग सरळ लागला तर त्या तुकड्यांवर न्यूट्रल, उलटा लागला तर फेज, आणि तिथून सळ्यांवाटे थेट पाण्यात. म्हणून तर कधी लागायचा, कधी नाही. जाऊ खरंच बोलत होती.

बर्डीच्या बाजारातून नवा आणला, तुकडे उपटून तो बसवला. प्लग दोन्हीकडून लावून पाण्यावर मीटर धरला. काही नाही. मग तीन पिनचा प्लग लावला, पत्र्याला अर्थिंग दिली.

जाऊ दिरांना म्हणाली, "आधी तुम्ही घाला हात. मी तं नाटकी आहे ना!"

दीर दोन पावलं मागे सरकले.

"चालू असताना कोणीच हात घालायचा नाही," मी म्हणाले. "आधी प्लग काढायचा, मग पाणी भरायचं."

"ऐकलं ना?" जाऊ नवऱ्याला म्हणाली. "उद्यापासून तुम्हीच भरा."

उरलेला उन्हाळा दिरांनीच कूलर भरला. प्लग काढल्याशिवाय बादलीला हात लावला नाही.