सुभद्रेला शिरपूर दिसायचं

अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. हे वाक्य असले अनुभव लिहिणारा प्रत्येक जण लिहितो, मलाही ठाऊक आहे... पण माझा सारा जन्म कंपाउंडर म्हणून दवाखान्यात गेला. अंगात आलेल्या माणसाला मी क्विनाईन दिलंय आणि तो खडखडीत बरा झालेला पाहिलाय. त्यामुळे मी सांगतो ते भुताखेताचं समजू नका. काय समजायचं, ते मात्र मला सांगता येणार नाही.

परवा पुतण्या कंपनीच्या कामाने सिंगापूरला जाऊन आला. फोटो दाखवत होता — उंच इमारती, चकचकीत रस्ते. "काका, काय श्रीमंत शहर आहे! आणि स्वच्छ किती!" मी म्हटलं, "मी पाहिलंय." तो विसरूनच गेला होता. मग त्याच आठवड्यात पेपरात वाचलं, तिथे नोकरीच्या नावाखाली नेलेल्या मुलींचं काय होतं ते. म्हणजे अजून चालूच आहे. म्हणून लिहायला बसलो.

मी रिसोडचा. अकोल्याला कंपाउंडरचं काम शिकलो, लढाई सुरू झाल्यावर फौजेच्या वैद्यकीय खात्यात भरती झालो आणि एक्केचाळीस साली बोटीने सिंगापूरला पोचलो. तेव्हाही ते शहर श्रीमंतच होतं. रबर, कथील, बंदरात सगळ्या जगाची जहाजं... आणि त्या जहाजांवरच्या माणसांसाठी बायकांची घरं. पूर्वी त्या घरांना लायसन मिळायचं म्हणे. पुढे कायद्याने बंदी आली, तेव्हा घरं तीच राहिली, फक्त पुढचं दार बंद होऊन मागचं उघडलं.

गावातल्या एका दवाखान्यात त्या बायकांना गुप्तरोगाची इंजेक्शनं द्यायला मला पाठवलं होतं. बायकांची काळजी म्हणून नव्हे — सोल्जर आजारी पडू नयेत म्हणून. दर आठवड्याला त्या यायच्या. चिनी, मलायी, तमीळ. बरोबर एक म्हातारी राखणीला असायची, ती दारात स्टूल टाकून बसायची. कुणी कुणाशी बोलत नसे.

एकदा एका सावळ्या बाईच्या दंडात सुई टोचली आणि ती कळवळून म्हणाली, "माय वं... मेली वं मी!"

सुई काढून सिरिंज बाजूला ठेवली. मी म्हटलं, "बाई, तुमी वऱ्हाडातल्या काय?"

तिने मान वर केली. दारातल्या म्हातारीकडे एकदा पाहून घेतलं. मग म्हणाली, "शिरपूरची आहो भाऊ. वाशीमच्या इकडलं शिरपूर."

तिचं नाव सुभद्रा. त्या घरात तिला दुसरंच काहीतरी म्हणत. शिरपूरच्या शिवेवर वडिलांचा भाजीचा मळा. वांगी, मेथी, कांदे वाशीमच्या बाजारात जात, थोडी गावच्या मंदिराला येणाऱ्या यात्रेकरूंना विकली जात. मुंबईचा म्हणवणारा एक चांगल्या कपड्यांतला माणूस आला, हुंडा नको म्हणाला, रीतसर लग्न लावून तिला घेऊन गेला. मुंबईत काही दिवस ठेवलं. मग "साहेबाकडे आयाची नोकरी आहे" म्हणून आधी मद्रास आणि तिथून बोट. बोटीवर नवरा चढलाच नाही. तिला वाटलं, त्याची बोट चुकली. दोन दिवस ती त्याच्यासाठी रडली, हे तिने मला सांगितलं तेव्हा ती हसली होती... ते हसणं मला अजून आठवतं.

पुढच्या खेपेला ती म्हणाली, "भाऊ, मले मळा दिसते."

मी म्हटलं, "आठवण येतच असते."

"आठवण नाई. दिसते. दुपारी आमी साऱ्या जणी पडून राह्यतो ना, तवा. आता जे चालू हाय ते दिसते. इथं ऊन उतरलं असते, पण तिथं माथ्यावर असते."

मग तिने सांगितलं, की त्या नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी घरी निरोप पाठवला — सुभद्रा पटकीने गेली. तिच्या नावाने वडिलांनी विहिरीवर अंघोळ केली, दहावा केला. तिने ते सारं पाहिलं. "मी वरडली भाऊ. मी जित्ती हाय म्हणून वरडली. इथल्या बाया जाग्या झाल्या, तिथं कोणालेच आयकू नाई गेलं."

तिचा रोग डोक्यात चढू शकतो, असं आमचे डॉक्टर म्हणत. मला तेच वाटलं. मी तिला धीर दिला आणि पुढचं नाव पुकारलं.

पण दसऱ्याच्या सुमारास ती आली ती रांग मोडून पुढे. म्हातारी दारात होती म्हणून तिने आवाज दाबला. "तो आला हाय. घरी. कडुलिंबाखाली बसून मायच्या हातची भाकर खाऊन राह्यला. म्हणते, सुभद्रा गेली, आता चंद्रीले द्या, घर उघडं पडलं."

चंद्री तिची धाकटी बहीण. बायको वारली की मेव्हणी करायची, आपल्याकडे यात कुणाला वावगं वाटत नसे.

"तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरला. बाबा हो म्हणाले. भाऊ, तुह्या पाया पडते, कायीतरी कर!"

खरं सांगतो, विश्वास नव्हता. पण खोटं असेल तर एक पत्र वाया जाईल, आणि खरं असेल तर? त्याच संध्याकाळी मी रिसोडला माझ्या थोरल्या भावाला लिहिलं — शिरपूरच्या अमक्या मळ्यात जा, त्यांचा जावई घरी आला असेल तर तो दगलबाज आहे, सुभद्रा जिवंत आहे, मी डोळ्यांनी पाहिली. ती काय करते ते लिहू नको, असं तिने बजावलं होतं. पण ती कुठे आहे आणि तिला फसवून नेली एवढं लिहावंच लागलं.

भावाचं उत्तर यायचं होतं, त्याआधीच एके दिवशी सुभद्रा आली. चेहरा उजळलेला.

"तुहा भाऊ येऊन गेला. मळ्याच्या धुऱ्यावरून आला, काळी टोपी घालून. डाव्या पायानं लंगडते ना?"

ते खरं होतं. दादा लहानपणी झाडावरून पडला होता, तेव्हापासून लंगडायचा. मी तिच्याशी त्याच्याबद्दल चकार शब्द बोललो नव्हतो. त्याची काळी टोपी तर मीच विसरलो होतो.

"त्यानं बाबाले सांगतलं, मंग पोलीस पाटलाले बोलवाले निंगाला. माहा नवरा मेला जोडे तसेच टाकून पयाला. चंद्री वाचली भाऊ!"

मी म्हटलं, "मग आता तुझंही काहीतरी करू. घरच्यांना कळलंय. मी आमच्या साहेबांना सांगतो, तुला परत..."

तिचा चेहरा उतरला. "नको."

"काहून?"

"बाबाले उमगलं ना, अशी पोर कुठं नेतात ते. म्हणाले... मेली होती तेच बरं होतं." ती दंडावरचा कापूस दाबत राहिली. "माय बाहेर येऊन उभी राह्यली. माह्याकडेच पाहून राह्यली होती, पण तिले मी थोडीच दिसते?"

मी तरी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, बघू. त्यानंतर थोड्याच दिवसांत जपानी विमानं आली. दवाखाना जखमींनी भरला, तिच्या गल्लीवर बॉम्ब पडले. मी एकदा शोधत गेलो, तर अर्धी घरं उभी होती आणि त्यांत माणूस नव्हतं. पुढे शहर पडलं, आम्ही कैदेत गेलो. तिचं काय झालं, मला कळलं नाही. ती गेली असं म्हणायलाही माझ्याकडे काही नाही.

सेहेचाळीसमध्ये घरी परतलो. दादाने सारं सांगितलं — कडुलिंब, भाकरी, टाकलेले जोडे. तंतोतंत. मी दुसऱ्याच दिवशी शिरपूरला गेलो.

चंद्रीचं गावातच लग्न होऊन तिला मूल झालं होतं. सुभद्रेच्या मायने मला पाणी दिलं आणि समोर बसली. वडील खाटेवर होते, थकलेले. माझं सांगून झालं तसे ते म्हणाले, "तुह्या पत्रानं एक पोर वाचली बाप्पा. तिले कळलं का रे, चंद्री वाचली म्हणून?"

"तिनेच मला सांगितलं," मी बोलून गेलो. "तिला इथलं दिसायचं. दादा आला तो दिवससुद्धा."

खाटेवरचा माणूस उठून बसला. "तो दिवस? सारा?"

मी मान खाली घातली. त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं, आणि माझ्या गप्प राहण्यातून त्यांनाही कळलं.

"आयकलं तिनं," ते स्वतःशीच म्हणाले. मग मला विचारलं, "कोन्त्या येळी दिसते तिले?"

"दुपारी. ऊन माथ्यावर असताना."

दुपार व्हायला थोडा अवकाश होता. ते थांबले. मग भिंतीला धरून बाहेर गेले, मळ्याच्या मधोमध वांग्यांच्या वाफ्यात उभे राहिले आणि पागोटं काढून हातात घेतलं. उघड्या टकलावर ऊन. नेमकं कुठे तोंड करावं ते त्यांना कळेना. शेवटी ते आभाळाकडे पाहत मोठ्यांदा बोलले —

"सुभे, मी चुकलो वं पोरी. तू जशी अशील तशी घरी ये."

माय दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मोट हाकणारा गडी थांबून पाहत होता. 

पुढे ते वारेपर्यंत रोज दुपारी तिथे जाऊन हेच म्हणत, असं चंद्रीने मला कळवलं.

तिला कसं दिसायचं, हे मला आजही सांगता येत नाही. मी डॉक्टरांना विचारलं, पुस्तकं वाचली, काही हाती लागलं नाही. ते मी सोडून दिलंय. पण दिसायचं तसं ऐकूही यायचं तिला... त्या दुपारपासूनचं वडिलांचं एखादं तरी वाक्य तिच्यापर्यंत पोचलं का, एवढं कुणी मला सांगावं.