नंदनवारकाकांचा सकाळचा प्रश्न

"भेव वाटते का वं आज?"

भीती वाटते का, हेच नंदनवारकाका रोज सकाळी मला विचारायचे. साबणाने हात धुतलेले, टेपला ओरखडा नको म्हणून घड्याळ काढून खिशात ठेवलेलं आणि नजर माझ्यावर. "नाही" म्हटलं की त्या दिवशी टेपच्या कपाटाला हात लावायचा नाही. बसा धूळ पुसत! मला वाटायचं, म्हातारा नव्या मुलीची फिरकी घेतो.

ऐंशीच्या दशकात नागपुरातलं आमचं संगणक केंद्र परीक्षांचे निकाल तयार करायचं. हजारो पोरांचे गुण एका बोटभर रुंद तपकिरी पट्टीवर साठवलेले असायचे. ही टेप, आणि शेजारी तिची नक्कल, हा काकांचा नियम.

एका मे महिन्यात काका लग्नाला कुहीला गेले आणि मी फारच शहाणी झाले. रिकामी समजून एका टेपवर दुसरंच काम उतरवलं. ती निकालाची नक्कल निघाली! धावत जाऊन मूळ टेप लावली, तर यंत्र अडलं. खोलीतला एसी दोन दिवस बंद होता, पट्टी उकाड्याने चिकट झाली होती. मी पुन्हा लावली. पुन्हा लावली. सात वेळा. गुणांचे कागद केव्हाच रद्दीत गेले होते. पोरांचं अख्खं वर्ष मी पुसून बसले होते.

दुसऱ्या दिवशी काका आले. यंत्रात सांडलेली तपकिरी भुकटी त्यांनी बोटावर घेतली.

"काहून ओढून राहिली वं? दर खेपेले तिचा रंग, म्हंजे पोरायचे गुणच, खरवडून निघून राहिला. जेवढं वाचता येते तेवढं पहिले दुसरीकडे उतरव. दुरुस्ती मंग."

थोडं वाचायचं, थांबायचं, स्पिरिटच्या बोळ्याने यंत्र पुसायचं. दुपारपर्यंत सगळं उतरलं. शेवटाजवळचा एक तुकडा तेवढा अडला. मी म्हटलं, "काका, अजून एकदा?"

"नाही. ताण्यात धागा तुटला अन् इकडून नाही गावला, तर माहा बाप तिकडून शोधे."

काका विणकराच्या घरातले, ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे. आमचं यंत्र पट्टी उलटी चालवूनही वाचायचं, पण ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी बटणावर बोट ठेवलं. एसी सुरू असून सदरा घामाने पाठीला चिकटला होता. पट्टी हळूहळू मागे सरकली, आणि तुकडा वाचला गेला. मी तिथेच रडायला लागले.

काका स्टुलावर टेकले. "मले बी लय भेव वाटून राहिलं होतं, पोरी. म्हणून तर हात हलका पडला." मग कागद पुढे केला. "नक्कल कोणी पुसली, ते तूच लिही. खाली मी सही करतो."

चार वर्षांनी काका निवृत्त झाले. कपाटाची किल्ली सगळ्यांत जुन्या, बेधडक ऑपरेटरला मिळणार, हे सगळे धरूनच चालले होते. काका माझ्या टेबलाशी आले.

"भेव वाटते का वं आज?"

मी कपाटाकडे पाहिलं.

"वाटते, काका. रोज वाटते."

त्यांनी खिशातलं घड्याळ काढून मनगटावर बांधलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.