रंगूबाईंची फुंक

कुडपणच्या रंगूबाई थंडीत न्यूमोनियातून उठल्या आणि मुंबईहून त्यांचा विनीत एक यंत्र घेऊन आला. श्वासाच्या स्नायूंची ताकद मोजणारं. नळीत जोरात फुंकायचं, की पडद्यावर आकडा. खोक्यावर ‘विश्वासार्ह’ असं चारही बाजूंनी छापलं होतं, तिथंच मला शंका आली.

आईला मुंबईला न्यायचं, हे विनीत निघतानाच ठरवून आला होता. त्याच्या बायकोची, सेजलची, बाळंतपणाची रजा संपत आली होती. सरळ तसं म्हणायला लाज वाटते ना, मग यंत्र लागतं. रंगूबाईंना मात्र हलायचं नव्हतं. गाय व्यायला झाली होती आणि ती दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू देत नाही. आजवर त्यांची एक सबब हमखास चालायची: विनीतचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

पहिल्या फुंकेला आकडा आला अडतीस. पुढचे दात नसल्यानं निम्मी हवा ओठांच्या कडेनं निसटली, हे शेजारच्या ओसरीवरून मलाही दिसलं. विनीतला फक्त आकडा दिसला. तो गंभीर झाला आणि म्हणाला, दम फारच कमी आहे, अशा तब्येतीत इथं एकटं राहणं बरं नाही.

रंगूबाईंनी नळी पुन्हा मागितली. या वेळी बावन्न आला, मग सत्तर. चहा निवायच्या आत म्हातारीची छाती जवळजवळ दुप्पट सुधारली, आणि यंत्राला त्याचं काहीच वाटलं नाही.

शेवटच्या खेपेला त्यांनी नळी नीट हातात धरली. त्यांच्या चुलीच्या फुंकणीला मधेच भोक पडलंय. ते बोटानं दाबूनच त्या वर्षानुवर्षं फुंकतात. या नळीलाही एक बारीक भोक होतं. सवयीनं बोट त्यावर गेलं, गाल फुगले आणि आकडा आला एकशे चाळीस. ते भोक उघडं ठेवायचं असतं, नाहीतर छातीऐवजी गालांचाच जोर मोजला जातो, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. पण ते अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच होतं.

रंगूबाई जिंकल्यासारख्या हसल्या. मला त्यांचं ते हसू फार आवडलं, म्हणूनच पुढचं ऐकून विनीतचा राग आला.

“आई, हा तर पैलवानाचा आकडा,” विनीत खूश होऊन म्हणाला. “आता चौथा मजला तू सहज चढशील. आवर, जीप निघेल.”

रंगूबाईंनी पदरानं तोंड पुसलं, नळी त्याच्या मांडीवर ठेवली.

“आकडा कमी आला तरी मुंबई, जास्त आला तरी मुंबई. मग हितं ऱ्हायला किती फुंकू, ते सांग रे.”

विनीतनं पिशवी फाडून माहितीपत्रक काढलं आणि मन लावून वाचायला लागला. रंगूबाई गोठ्यात गेल्या. पोलादपूरची जीप निघून गेली, तरी त्याला तो आकडा सापडला नव्हता.