व्हर्जिनियात विकलेला पूर्वज

आम्ही अमेरिकेतल्या कॅरी गावात घर घेतलं तेव्हा शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, त्या रस्त्यावर भारतीय आम्हीच. मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं, ओरडून ओरडून.

एका उन्हाळ्यात त्या म्हणाल्या, "शनिवारी आमचं सगळं घराणं जमतंय. माझ्याबरोबर चल. मी तिथे एक गोष्ट सांगणार आहे, आणि ती ऐकल्यावर माझ्याशी बोलणारं एक तरी माणूस मला हवंय."

गोष्ट त्यांनी गाडीतच सांगितली. त्यांचा मूळ पुरुष इंग्लंडहून जमीनदार म्हणून आला, असं सगळे मानत. प्रत्यक्षात तो लंडनमधला चोर होता. बेड्या घालून, जहाजाच्या तळाशी कोंबून त्याला व्हर्जिनियात आणलं आणि सात वर्षांसाठी तंबाखूच्या मळेवाल्याला विकलं.

"पण कैदी तर ऑस्ट्रेलियाला पाठवायचे ना?" मी शाळेत शिकलेलं सांगितलं.

"अमेरिका इंग्रजांच्या हातची गेली, मग ऑस्ट्रेलिया. आधी इथेच."

मी त्यांना अंदमानबद्दल सांगितलं. "तिथल्या क्रांतिकारकांपुढे आम्ही हात जोडतो. पण काळ्या पाण्यावर साधे चोरही गेले. त्यांचं नाव कुणी काढत नाही."

"मग आज मी एकाचं काढते," त्या म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर ओकच्या सावलीत उभं राहून त्यांनी खणखणीत आवाजात सगळं सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ ताडकन उठला. "मुलांसमोर हे कशाला?" मग माझ्याकडे वळून, "तुमच्याकडे असं चारचौघांत सांगतात?"

"नाही सांगत," मी म्हटलं. "म्हणून तर ऐकायला आले."

तेवढ्यात चाकाच्या खुर्चीतल्या त्यांच्या म्हाताऱ्या आत्याने मोठ्याने विचारलं, "चोरलं काय होतं त्याने?"

"रेशमाचा तागा."

"चांगलं होतं का गं रेशीम?"

सगळे खो खो हसले. मुलं बाईंभोवती गोळा झाली, जहाजाबद्दल विचारू लागली. भाऊ मात्र निरोप न घेता निघून गेला.

पुढे दोनेक वर्षं तो बोलला नाही. मग त्याच्या नातीला शाळेत पूर्वजांवर बोलायचं होतं, तेव्हा त्याचाच फोन आला. मी बाईंच्या स्वयंपाकघरात चहा करत होते. "वही घे," त्या भावाला म्हणाल्या, "आणि मध्ये बोलू नकोस."