हप्ता चुकू न देणारी माणसं

विम्याच्या हप्त्याच्या खिडकीत बसलं की किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. ते रांग लावून येतात! मी गेली तेवीस वर्षं नाशकात आमच्या शाखेच्या खिडकीत बसते आहे. नाव वैशाली देवरे. पण काचेपलीकडच्या जगाला मी फक्त 'मॅडम'. घरी जेवताना रोज एक तरी किस्सा सांगते. नवरा म्हणतो, "तुला पगार नसता दिला तरी तू गेली असतीस."

खोटं कशाला बोलू, गेले असते.

*

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले आमचे बोरसेकाका. मुलाने त्यांच्या पॉलिसीचा हप्ता बँकेतून ऑटो-डेबिट करून दिला. दर महिन्याच्या सात तारखेला पैसे आपोआप कापले जाणार. कुठे जायला नको, यायला नको.

तरी काका दर आठ तारखेला हजर! इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, रांगेत तिसरे-चौथे. "मॅडम, गेला का हप्ता?" मी सांगायचे, गेला. ते खिशातल्या छोट्या वहीत टिक करायचे आणि चालू लागायचे.

एकदा आमचे नवे मॅनेजर साहेब म्हणाले, "काका, ऑटोमॅटिक आहे ते. कशाला उन्हातान्हाचे येता?"

काका शांतपणे म्हणाले, "साहेब, पस्तीस वर्षं प्लँटवर होतो. सगळं ऑटोमॅटिकच होतं. तरी दर तासाला काटा बघून लिहायचो. ऑटोमॅटिक असतं ना, म्हणूनच बघावं लागतं!"

दोनच महिन्यांनी खात्यातला काहीतरी घोळ होऊन काकांचा हप्ता परत आला. बाकीच्या लोकांना असलं कळायला महिनोन्‌महिने लागतात. काकांना आठ तारखेलाच कळलं, आणि त्यांनी तिथेच रोख भरून टाकला.

साहेबांनी त्या दिवशी स्वतःच्या हप्त्यांची यादी काढून बघितली. मी बघत होते!

*

सुरगाण्याकडच्या पारूताई. वर्षातले सहा-सात महिने नवरा-बायको दिंडोरीकडे द्राक्षबागांवर कामाला. त्यामुळे आमची नोटीस गावच्या घरी आणि ही दोघं बागेत. एकदा त्या आल्या तेव्हा मुदत उलटून गेली होती, वरचे सवलतीचे तीस दिवसही संपत आले होते. शेवटचा दिवस! आणि हातात कागदाचा कपटा नाही.

"पावती कुठे?"

"उंदरांनी खाल्ली."

"पॉलिसीचा कागद?"

"त्यो बी त्यांनीच खाल्ला."

नावावरून शोधायला गेले तर त्याच नावाच्या अकरा बायका! जन्मतारीख विचारली तर म्हणाल्या, "पाऊस लय झाला होता तवा." शेवटी नवऱ्याचं नाव, गाव, वारसाचं नाव असं करत करत पाऊण तासाने सापडली पॉलिसी. हप्ता भरून घेतला. माझी रांग दारापर्यंत गेली होती. मी जरा चिडूनच म्हटलं, "ताई, पुढच्या वेळी नंबर पाहिजे मला. कुठेही लिहून आणा, पण आणा!"

पुढच्या वेळी त्या मुदतीच्या आत आल्या. काचेखालच्या फटीतून सरळ हात आत घातला. मनगटापासून कोपरापर्यंत, हिरव्यागार गोंदणात, नऊ आकडे!

मी उठून उभी राहिले. साहेब केबिनमधून बाहेर आले.

"जत्रंत गोंदून घेतलं," पारूताई म्हणाल्या. "कागद उंदीर खातो. हात कोन खाईल?"

तीन वर्षांनी त्यांनी मुलीच्या नावाने पॉलिसी काढली. तिचा पुढचा हप्ता भरायला आल्या तेव्हा मुलगी सोबत होती, शाळेच्या ड्रेसमध्ये. मी घाबरून म्हटलं, "ताई, हिच्या हातावर नका हं गोंदू!"

"हिला कशाला गोंदू?" पारूताईंनी मुलीच्या पाठीवर हात ठेवला. "ही शाळेत जाती. हिला पाठ हाय."

आणि मुलीने खिडकीशी उभं राहून दोन्ही नंबर घडाघडा म्हणून दाखवले. आईचाही!

*

मालेगावचे सलीमभाई. यंत्रमागावर कारागीर. एका मंदीत माग सलग काही महिने बंद राहिले आणि ते चौदा वर्षांची पॉलिसी मोडायला आले.

मी म्हटलं, "भाई, मोडू नका. वर्षाचा हप्ता जड जात असेल तर महिन्याचा करून घेऊ. आणि या खेपेचा हप्ता पॉलिसीवरच कर्ज काढून भरू. चौदा वर्षांत जेवढं साठलंय त्यातूनच थोडं घ्यायचं आणि त्यातच भरायचं."

ते बराच वेळ विचार करत राहिले. मला वाटलं, समजलं नाही. परत समजावणार तेवढ्यात म्हणाले, "मतलब, मीच विणलेल्या कापडाच्या थानातला तुकडा कापायचा आणि त्याच थानाला ठिगळ लावायचं. पण थान फेकायचं नाही!"

आमच्या ट्रेनिंगमध्ये हे समजवायला एक अख्खा दिवस घेतात!

*

आता रोकडेताईंबद्दल सांगितलंच पाहिजे. आमच्या शाखेच्या एजंट. वय अठ्ठावन्न, अंगणवाडीची नोकरी सांभाळून पंचवीस वर्षं हे काम करतात. आडनाव रोकडे आणि शिकवतात कॅशलेस!

झालं असं, की त्यांच्या कॉलनीतल्या बायकांना हप्ता भरायला आमच्याकडे यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. रोजंदारी बुडू नये म्हणून हप्ता राहायचा. ताई आधी स्वतः सुनेकडून मोबाइलवर हप्ता भरायला शिकल्या. मग रविवारी सकाळी विहारात वर्ग चालू केला. आधी वंदना, मग स्कॅन!

एका रविवारी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. वीस-बावीस बायका सतरंजीवर बसलेल्या, हातात मोबाइल. ताई विचारत होत्या, "पैसे गेल्याचा मेसेज आला. हप्ता भरला का?"

सगळ्या एका सुरात, "नाही!"

"मग कधी भरला?"

"पावती आल्यावर!"

मी बघतच राहिले. हे आमच्या निम्म्या ग्राहकांना माहीत नसतं.

तेवढ्यात बहात्तर वर्षांच्या सुशीलाआजींचा फोन वाजला. त्यांनी बटण दाबलं आणि नेमका स्पीकर चालू झाला. पलीकडून एकजण घाईघाईत सांगत होता, "मॅडम, तुमची विमा पॉलिसी आज पाच वाजता बंद पडणार. लिंक पाठवतो, लगेच पैसे भरा, नाहीतर सगळं बुडेल."

ताई उठायला लागल्या. आजींनी हातानेच त्यांना खाली बसवलं.

"कुठली रे पॉलिसी, बाळा?"

"तुमची जुनी, मॅडम. लाइफची."

"अरे, ती तर कधीच पिकली. तिच्या पैशांची मी स्वयंपाकघरात फरशी बसवली. आता पाच वाजता काय फरशी बंद पडणार का?"

फोन कट! ताईंनी त्या दिवशी वर्ग तिथेच संपवला. म्हणाल्या, "आज यापेक्षा जास्त शिकवता येणार नाही."

*

याच रोकडेताई एक दिवस माझ्या खिडकीच्या रांगेत उभ्या राहिल्या. एजंट म्हणून त्या सरळ आत येऊ शकतात. पण नाही, रांगेत!

नंबर आल्यावर मी विचारलं, "बोला ताई, कुणाचा हप्ता?"

त्यांनी कागदावर लिहिलेला नंबर पुढे सरकवला. मी टाइप केला. स्क्रीनवर नाव आलं, वैशाली देवरे. आणि खाली लाल अक्षरात, बंद!

माझीच पॉलिसी, ताईंकडूनच काढलेली. आम्ही घर बदललं तेव्हा मी बँक बदलली होती. मोबाइल नंबरही बदलला होता. जुन्या खात्यातून हप्ता कापला जाईना आणि त्याचे मेसेज जुन्या नंबरवर जात राहिले. सात महिने! दिवसभर दुसऱ्यांना "तारीख विसरू नका" सांगणारी मी.

खरी भीती वेगळीच होती. त्या सात महिन्यांत मला शुगर निघाली होती. बंद पॉलिसी चालू करायची तर तब्येतीचा फॉर्म भरावा लागतो, तपासण्या कराव्या लागतात, आणि वरचं ऑफिस नाही म्हणू शकतं. माझी मुलगी तेव्हा दहावीत होती.

ताई हळू आवाजात म्हणाल्या, "फॉर्म आणलाय. आज सही करा, उद्या रक्त द्या. शुगर लपवायची नाही. खरं लिहायचं." मागच्या माणसाला ऐकूसुद्धा गेलं नाही. रांगेत का उभ्या राहिल्या ते मला तेव्हा कळलं. आत आल्या असत्या तर सगळ्या स्टाफने विचारलं असतं, काय झालं!

बारा दिवस निर्णय येईना. बारा दिवस त्यांचा रोज सकाळी फोन. विम्याबद्दल एक शब्द नाही. "चाललात का आज? किती वेळ चाललात?" एवढंच.

तेराव्या दिवशी मंजुरी आली. मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी डबा तसाच सुनेकडे दिला आणि मला म्हणाल्या, "तुम्हाला नाही मिळणार!"

दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी माझ्या काचेला आतल्या बाजूने एक पाटी चिकटवली. 'हप्त्याची तारीख विसरू नका.' तोंड माझ्याकडे. साहेबांनी विचारलं, "ही पाटी उलटी का लावली?"

मी म्हटलं, "सरळच आहे, साहेब."

*

आमच्यापासून जुनं एसटी स्टँड जवळ आहे. तिथल्या गेटवर भास्कर नावाचा रिक्षावाला अठरा वर्षं रिक्षा लावतो. कुठली गाडी कुठल्या फलाटावरून, किती वाजता सुटते हे कंट्रोलरच्या आधी भास्करला माहीत. प्रवासी चौकशीच्या खिडकीवर जातच नाहीत, त्यालाच विचारतात.

तो एका दुपारी आला. दाढी वाढलेली. "मॅडम, पॉलिसी मोडायचीय. दोन वर्षं हप्ता भरला नाही, म्हणजे बंदच असेल. निघेल ते द्या."

मी नंबर टाकला. "चालू आहे की!"

"कशी चालू असेल?"

"आठही तिमाही हप्ते भरलेत. सगळे मुदतीच्या आत."

"नंबर चुकला असेल, मॅडम. मी एक रुपया भरलेला नाही."

मी नाव वाचलं, जन्मतारीख वाचली, पत्ता वाचला. सगळं त्याचंच.

"भावाने भरले असतील," मी म्हटलं.

"मला भाऊ नाही."

मग मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. आठ ओळी होत्या. प्रत्येक ओळीत तारीख, आणि तारखेपुढे हप्ता कुठे भरला त्या केंद्राचं नाव. आठही ओळींत एकच नाव, वणी.

तो काचेवर वाकून एकेक ओळ वाचत राहिला. बोटाने मोजल्यासारखं करत होता. मागे रांग वाढत होती, पण का कोण जाणे, कुणी "चला लवकर" म्हणालं नाही.

"वारस म्हणून कुणाचं नाव आहे, मॅडम?"

"मंगल. पत्नी."

"ती वणीला असते," तो म्हणाला. "माहेरी. देवीच्या गडाच्या रस्त्याला तिच्या भावाचं नारळाचं दुकान आहे, तिथे बसते. दोन वर्षं झाली. ती आपणहून गेली नाही, मॅडम. मीच म्हणालो होतो, जा."

मी मोडण्याचा फॉर्म पुढे केला होता, तो त्याने दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवला. रुमालाने तोंड पुसलं. दोन पावलं गेला, परत फिरला आणि काचेच्या भोकाशी तोंड आणून अगदी हळू विचारलं,

"मॅडम, वणीची गाडी कुठून सुटते हो?"